पडद्यावरचा पंचा

साटमकाकांच्या घरी कॉम्प्युटर आहे, पण त्याच्या पडद्यावर कायम लाल काठाचा एक पंचा टाकलेला असतो. कॉम्प्युटर बंद असताना नव्हे हं, चालू असताना. पंचा गॅलरीत वाळत दिसला की आमच्या मजल्यावर सगळ्यांना कळतं, आज काका कॉम्प्युटरला बसणार नाहीत. माऊस त्यांनी कधीच उपटून चपलांच्या कपाटात टाकलाय. "उंदराची जागा तीच," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात आणि कोणी हसलं नाही तर स्वतःच हसतात.

आमच्या सासूबाईंचं मत स्पष्ट होतं. "काकी गेल्यापासून माणूस जरा सरकलाय गं." मलाही तसंच वाटायचं. भिंतीपलीकडून चटणीचा मिक्सर लावल्यासारखा आवाज तासन् तास यायचा, मध्येच थांबायचा, मग काकांचा वैतागलेला सूर, "परत बोल रे बाबा!" घरात तर दुसरं कोणी नाही.

एका शनिवारी ते दारात उभे. "स्वाती, तू ते कॉम्प्युटरचं करतेस ना?"

हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाचा प्रिंटर बिघडलेला असतो हे मला अनुभवाने माहीत आहे. मी अंधेरीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहिते, प्रिंटर दुरुस्त करत नाही, हे वाक्य मी तोंडावर आणलं होतं. पण काकांनी मला खुर्चीत बसवलं, समोर पंचा टाकलेला पडदा, आणि म्हणाले, "एक गाणं लाव."

"पंचा काढा ना."

"नाही. तसंच लाव."

मी कीबोर्डवर बोटं चालवली. स्पीकरमधून एक बाई बोलायला लागली, "बटन." पुढे गेले. "बटन." आणखी पुढे. "बटन. बटन. सत्तेचाळीस. बटन." कशाचे सत्तेचाळीस? देवाला ठाऊक. मी एक बटन अंदाजाने दाबलं आणि सगळं बंद पडलं.

"झकास," काका म्हणाले. "आता कळलं दिनूला काय वाटतं ते?"

तर हा दिनू. दिनू परब, राहणार जोगेश्वरी, जन्मापासून आंधळा. दोघांचे वडील एकाच गिरणीत, बिऱ्हाडं एकाच चाळीत, आणि पुढे नोकरीही एकाच बँकेत, काका कारकून आणि दिनूकाका टेलिफोन ऑपरेटर. निवृत्त झाल्यावर दोघांना काय अवदसा आठवली कोण जाणे, त्यांनी इंटरनेटवर रेडिओ सुरू केला. नाव 'पडवी'. दर रविवारी संध्याकाळी चार ते सहा. दिनूकाका बोलणार, गावच्या भजनांची रेकॉर्डिंगं आणि जुनी गाणी लागणार, ऐकणाऱ्यांचे निरोप वाचले जाणार. ऐकणारे बहुतेक दिनूकाकांसारखेच, दृष्टी नसलेले. कोणी कणकवलीचा, कोणी लातूरचा, एक मालिशवाले मुलुंडचे, एक बाई थेट मस्कतच्या.

रेडिओचं सॉफ्टवेअर परदेशातल्या हौशी मंडळींनी मिळून केलेलं, फुकट. त्यात कोणीही हात घालून दुरुस्ती करावी, मंडळींना पटली तर ती सगळ्यांसाठी घेतात. छान आहे सॉफ्टवेअर, पण सगळं डोळ्यांसाठी. बटनं म्हणजे नुसती चित्रं, त्यांना नावंच नाहीत. ज्याला दिसत नाही अशा माणसाच्या कॉम्प्युटरमध्ये पडद्यावरचं वाचून दाखवणारा एक प्रोग्राम असतो, स्क्रीन रीडर. नाव नसलेल्या बटनाला तो बिचारा 'बटन' एवढंच म्हणणार. प्रक्षेपण सुरू झालं की कोपऱ्यात हिरवा ठिपका येतो, तुटलं की तांबडा. म्हणून काका दर रविवारी बोरिवलीहून बसने जोगेश्वरीला जायचे, दिनूकाकांच्या शेजारी बसायचे आणि माऊस चालवायचे. बोलणं दिनूकाकांचं, बटनं काकांची.

असं छान चाललं होतं. मग एका रविवारी काकांना दहिसरला एका लग्नात अडकावं लागलं आणि ते पोचलेच नाहीत. दिनूकाका दोन तास माइकसमोर बसून राहिले. सगळं तयार होतं, फक्त एक बटन दाबायचं होतं, आणि ते कुठे आहे हे सांगणारं घरात कोणी नव्हतं. भाच्याकडे राहतात ते. भाचा, त्याची बायको, मुलं रविवारी बाहेर असतात.

"मी रात्री फोन केला," काका मला म्हणाले. "म्हटलं शिव्या घालेल. तर म्हणाला, असांदे रे, आज नुसतोच बसलंय, बरा वाटला. शिव्या घातल्या असत्या ना स्वाती, तर मी झोपलो असतो."

त्या दिवसापासून पडद्यावर पंचा. दिनूला जे दिसत नाही ते मीही बघणार नाही, असा बाणा. आणि मला फर्मान सुटलं, "तो रेडिओ त्याला एकट्याला चालवता आला पाहिजे. माझ्याशिवाय."

मी हो म्हटलं आणि माझी वाट लागली. शनिवार गेले. मी एखादी दुरुस्ती करून न्यायची, "बघा काका, आता इथे दिसतंय," म्हणायची, की काका दोन्ही कानांवर हात ठेवायचे. "दिसतंय हे उत्तर नाही! मला दाखवू नकोस, सांग." मी बटनाला नाव दिलं, 'टॉगल ब्रॉडकास्ट स्टेट'. काका म्हणाले, "दिनू विचारेल, कुठलं स्टेट, गोवा?" मग आम्ही 'प्रक्षेपण सुरू करा' असं ठेवलं. हिरव्या ठिपक्याच्या जागी 'तुम्ही हवेत आहात' असं बोलणं घातलं. प्रक्षेपण तुटलं तर घंटी. काकांना घंटी पसंत पडेना. एक शाळेची निघाली, एक आइस्क्रीमवाल्याची, एक तर म्हणे बँकेत जेवणाची सुट्टी संपल्याची होती आणि ती ऐकून त्यांना आजही ॲसिडिटी होते.

चुकायचे पण भरपूर. एकदा मला अर्धा दिवस फैलावर घेतलं की तू सगळं बिघडवलंस, आवाजच नाही. त्यांच्या स्पीकरचं बटन बंद होतं. सॉरी वगैरे काही नाही. "बघ, हेसुद्धा कोणी सांगत नाही माणसाला," म्हणे.

परदेशातल्या मंडळींना पत्रं काका स्वतः लिहायचे, बँकेच्या इंग्रजीत. 'रिस्पेक्टेड सर, विथ रेफरन्स टु द अबव्ह'. वर काहीच नसायचं. एकदा उत्तर आलं, 'हाय विलास'. काका दोन दिवस घुश्श्यात. "ओळख ना पाळख, एकेरीवर आला!" पण दुरुस्त्या मान्य होत गेल्या. माझं नाव त्या सॉफ्टवेअरमध्ये आलं, काकांचंही आलं. इतकी वर्षं मी रंग निवडत, गोल कोपरे काढत बटनं करतेय, आणि त्यातलं एकही बटन ऐकून बघितलं नव्हतं. मला हे काम आवडायला लागलं होतं, खरंच.

शेवटी आम्ही जोगेश्वरीला जाऊन सगळं बसवलं. दिनूकाका म्हणजे हसरा, गोरापान माणूस, बनियनवर इस्त्रीचा शर्ट. त्यांच्या कॉम्प्युटरमधली बाई इतक्या भयानक वेगात बोलत होती की मला एक अक्षर कळेना. त्यांना सवयच असते म्हणे, डोळे जितक्या वेगात वाचतात तितकं ते कानांनी वाचतात. काका मात्र मान डोलवत होते. मी समोर असले की बाईला हळू ठेवायचे, पण घरी एकटे बसून, वेग वाढवत वाढवत, ते ती भाषा शिकले होते. भिंतीपलीकडचा तो मिक्सर!

"ह्येका सगळा दिसता, म्हणान काय कळणा नाय," दिनूकाका मला म्हणाले. काका म्हणाले, "गप रे, बटन दाब." चहा आला, दोघांनी एकाच बशीतली खारी बुडवून खाल्ली, आणि एकमेकांना इतक्या शिव्या दिल्या की मीच इकडेतिकडे बघायला लागले.

शेवटचं एक काम होतं. गाणं आणि माइक जगाला ऐकू गेलं पाहिजे, पण वाचणाऱ्या बाईचा आवाज फक्त दिनूकाकांच्या कानात. त्यासाठी वेगळा हेडफोन लावला. काकांनी त्याची पिन तीनतीनदा चाचपून बघितली. "ही सुटली तर बाई सगळ्या दुनियेला ऐकू येईल. जपून."

परतताना बसमध्ये मी विचारलं, "आता रविवारी काय करणार?"

"ऐकणार," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. गोरेगाव गेलं, मालाड गेलं. मला एकदम कळलं, या माणसाच्या आठवड्यात रविवार सोडून दुसरं काही नाही. मुलगी पुण्याला, काकी नाहीत. आणि हा रविवार त्यांनी स्वतः माझ्या मागे लागून, घंट्या निवडून निवडून मोडून घेतला होता.

पुढच्या रविवारी पावणेचारला काका आमच्याकडे हजर. "तुमचं नेट बरं आहे," म्हणाले. त्यांचं नेट आमच्यापेक्षा चांगलं आहे. सासूबाईंनी खुर्ची दिली, पण ते उभेच. चार वाजले. काही नाही. काकांनी पाणी मागितलं, प्यायले नाहीत. आणखी दोन मिनिटं गेली आणि माझाही धीर सुटला. काही राहून गेलं असेल तर ते माझ्या हातून. तेवढ्यात माझ्या मोबाइलमधून आवाज आला.

"नमस्कार मंडळी. पडवीर येवा, बसा."

"गेला!" काका ओरडले. "स्वाती, गेला गं हवेत! एकटा गेला!" त्यांनी सासूबाईंचा हात धरून हलवला. सासूबाईंना काही कळलं नव्हतं, तरी त्या रडायला लागल्या.

दिनूकाका झोकात बोलत होते. निरोप वाचले, मस्कतच्या बाईंच्या नातीला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या, गाणं लावलं. नेमक्या क्षणी, एक धक्का न बसता. मी काकांना टाळी दिली. गाणं रंगात आलं आणि त्याच्या पोटातून खरखर यायला लागली. मिक्सर. वाचणारी बाई!

"काका, पिन सुटली! हे सगळ्यांना ऐकू जातंय. फोन करा त्यांना!"

काकांनी हात वर केला. "थांब."

ते डोळे मिटून ऐकत होते. मला नुसती गडबड ऐकू येत होती, वर गाणं. काकांचा चेहरा आधी हसला, मग नाही. बाई थांबली. मग परत सुरू झाली, या वेळी तुटक तुटक, टिचक्या मारल्यासारखी. आणि गप्प झाली.

"काय म्हणाली?"

"दिनू मला मेसेज लिहीत होता. लिहिलेलं ती वाचून दाखवते ना." मग हळू आवाजात, दिनूकाकांच्याच शब्दांत त्यांनी सांगितलं, "विलास, सगळा जमला. एक पण बटन चुकाक नाय. पण बाजूक कोण नाय रे. गाणा लागला की बोलूचा कोणाशी? फुडच्या आयतवारी ये. काम काय नाय. असोच ये."

मी त्यांच्या फोनकडे बघितलं. टेबलावर पडला होता, काळा, गप्प.

"आला नाही अजून मेसेज."

"येणार नाही. नंतर एकेक अक्षर खोडलंन. खोडलेलं पण वाचते ती." काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "त्याला वाटलं असेल, एवढी खटपट करून विलास मोकळा झाला, आता त्याला परत कशाला अडकवा."

कणकवली, लातूर, मुलुंड, मस्कत. हे सगळं ऐकून समजणारी माणसं आत्ता आपापल्या घरी गप्प बसली असतील. ज्यांना दिसतं त्यांना काही कळलं नसणार. गाणं संपलं, दिनूकाका परत आले, तसेच हसरे, आणि पुढचा निरोप वाचायला लागले. पिन अर्धवटच सुटली असणार, बाई त्यांच्या कानातही चालू असणार; त्यांना काही माहीत नव्हतं.

काका दाराशी चपला शोधत होते. दर रविवारी जोगेश्वरीला जाताना घालायचे तोच जुना शर्ट अंगात होता.

"निघालात कुठे?"

"जोगेश्वरीला. रिक्षा करतो. सहापर्यंत कार्यक्रम आहे, पोचतो मी."

"पण त्यांना काय सांगणार? मेसेज ऐकला म्हणून?"

"छे! मेसेज कुठला? पिन सुटल्ये हेडफोनची. ती बसवायला नको?"

"काका, ते फोनवर पण सांगता येईल."

"येईल," ते म्हणाले, आणि लिफ्टची वाट न बघता जिना उतरायला लागले.