खडीची हजेरी

एका जंगलात एक शाळा निघाली.

आधी नव्हती. आधी वाघीण आपल्या पोरांना दबा धरायला शिकवायची. माकडीण फांदी धरायला शिकवायची. रानडुक्कर काहीच शिकवायचं नाही, तरी त्याची पोरं बरोबर रानडुकरंच व्हायची. सगळं ठीक चाललं होतं. मुलांनो, जिथं सगळं ठीक चाललेलं असतं, तिथं सुधारणा करायला फार सोपं जातं.

मी स्वतः शाळेत फार टिकलो नाही. तेव्हा गोष्टीत कुठं चुकलं तर शिकलेल्यांनी सांभाळून घ्यावं. मधे बोलू नये. मधे कुणी बोललं की मला राग येतो आणि मग गोष्ट राहते बाजूला.

तर जंगलाचा कारभार अस्वलसाहेबांकडे होता. त्यांनी हुकूम काढला. प्रत्येक पोरानं शाळेत यायचं. अंड्यात असेल तर अंड्यात असतानाच नाव घालायचं. जो पोराला घरी ठेवील, त्यानं जंगल सोडायचं.

हुकूम ऐकून पहिला धावत आला तो मोर.

"साहेब, माझं पोर कावळ्याच्या पोराला लागून बसणार?"

आता मुलांनो, मोर कधी पोरांकडे फिरकत नाही. लांडोर एकटी वाढवते. आपल्याला पोरं किती, हेसुद्धा त्याला येताना लांडोरीला विचारावं लागलं होतं. पण तो आला, पिसारा उघडून उभा राहिला आणि म्हणाला, "आमच्या घराण्यात शिक्षण घरीच होतं."

"अहो, तुमचं वेगळं आहे," अस्वलसाहेब म्हणाले. "तुमच्यासाठी वाट काढू की."

वाट निघाली. हुकुमाखाली एक ओळ वाढली. ज्यांचं स्वतःचं घर आहे, त्यांनी अर्ज केल्यास पोरांना घरी शिकवायची परवानगी मिळेल. मोराकडे नदीकाठचं अख्खं आंब्याचं झाड होतं. त्याला दुपारच्या आत परवानगी मिळाली. त्याचं पोर घरी काय शिकलं ते कुणी विचारलं नाही. तळ्यावर वाकून स्वतःकडे बघताना ते पुष्कळदा दिसायचं.

ती वाढलेली ओळ टिटवीच्याही कानावर गेली.

टिटवी तुम्हाला माहीत आहे. उंच पाय, डोळ्यापाशी लाल कातडं, आणि आवाज असा की झोपलेला उठून बसेल. ती आणि तिचा नवरा नदीच्या कोरड्या पात्रात राहायची. टिटवी घरटं बांधत नाही. गोट्यांमध्ये थोडी जागा करते आणि तिथंच अंडी घालते. अंडी गोट्यांसारखी. त्यातून निघणारी पोरंही गोट्यांसारखी. तिची तीन अंडी होती. अंडी फुटायला चार दिवस राहिले होते.

टिटवी अस्वलसाहेबांपुढे गेली.

"साहेब, माझी पोरं मी घरी शिकवीन म्हणते."

"का? शाळेत काय वाईट आहे?"

"वाईट काही नाही, साहेब. पण आमच्यात एक धडा असतो. तो पहिल्या दिवसापासून द्यावा लागतो. मी ओरडले की पोरांनी होतं तिथं पडायचं. हलायचं नाही, बोलायचं नाही. कुणी नाव घेऊन हाक मारली तरी ओ द्यायची नाही."

"आणि पुढचा धडा?"

"पुढचा नाही. एवढाच."

"एकच धडा?" अस्वलसाहेब हसले. "मग उरलेलं वर्षभर काय करता?"

"जगतो," टिटवी म्हणाली.

अस्वलसाहेबांनी पुस्तक चाळून बघितलं. हा विषय अभ्यासक्रमात नव्हता. पण नियम तो नियम. घर असेल तर परवानगी मिळणार होती. म्हणून घर बघायला त्यांनी सांबरसाहेबांना पाठवलं.

सांबरसाहेब मोठ्या शिंगांचे. चालताना समोर बघायचे, खाली कधी नाही. ते नदीच्या पात्रात येऊन थांबले.

"घर कुठंय?"

"हेच की, साहेब."

"हेच म्हणजे कोणतं?"

"तुम्ही उभे आहात ते."

सांबरसाहेबांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "भिंत नाही, छप्पर नाही. याला घर कसं म्हणायचं, बाई?" असं म्हणून त्यांनी पाय जरा सरकवला. बारीक आवाज झाला.

"साहेब, पाय," टिटवी म्हणाली.

सांबरसाहेबांनी अहवाल लिहिला. प्रत्यक्ष पाहणी केली असता घर आढळले नाही. अर्जात अंडी तीन लिहिली आहेत, ती दोन आहेत. अर्जदार खरे बोलत नाही.

अर्ज फेटाळला गेला.

दोन अंडी राहिली होती. पहिल्यातून खडी निघाली. दुसऱ्यातून अर्ध्या दिवसानं तिचा भाऊ निघाला. तो जरा बारीक होता, म्हणून त्याचं नाव बारक्या. अर्ध्या दिवसाची थोरली, पण खडीचा रुबाब असा की जणू हे जंगल तिच्याच देखत उगवलंय.

"बारक्या, माझ्या मागं चाल."

"बारक्या, तो किडा माझा. तू दुसरा बघ."

"बारक्या, नाक वर कर, लोक बघतायत."

लोक म्हणजे दोन खेकडे होते.

आईनं पहिल्याच दिवशी धडा दिला. ती ओरडली, की दोघं धप्प करून पडायची. गोट्यांत गोटे. आई मग मुद्दाम शोधायची. "अगंबाई, गेली कुठं माझी पोरं?" दोघांना हसू यायचं, पण हसायचं नाही असा नियम होता. खडीचं पोट हलायचं. ते बारक्याला दिसायचं. एवढ्या जवळ पडायची ती.

दुसऱ्या दिवसापासून शाळा.

शाळेत करकोचे गुरुजी होते. एका पायावर उभे राहून शिकवायचे. त्यांचाही पहिला धडा एकच होता. "नाव घेतलं की उभं राहायचं. मान ताठ. मोठ्यानं म्हणायचं, हजर, गुरुजी! ज्याला हजेरी देता येत नाही, त्याला पुढं काहीही येणार नाही."

खडीला ते एका सकाळीत आलं. "खडी टिटवी!" म्हटलं की ती अशी उसळून उभी राहायची की शेजारचं सशाचं पोर दचकायचं. "हजर, गुरुजी!" गुरुजींनी तिला पहिल्या रांगेत बसवलं.

बारक्याला ते काही जमेना. "बारक्या टिटवी!" असं मोठ्यानं कुणी म्हटलं की तो धप्प करून पडायचा. सगळा वर्ग हसायचा.

"ऊठ, मठ्ठा! चल, बाहेर उभा राहा!" गुरुजी ओरडायचे.

गुरुजी ओरडले की तो बाहेरही पडायचा. बाहेर गोटे होते. मग गुरुजींना तो दिसायचाच नाही. ते पटावर गैरहजर अशी खूण करायचे. त्यामुळं बारक्या रोज शाळेत असायचा आणि रोज गैरहजर असायचा.

घरी येताना खडी त्याला शिकवायची.

"अरे, सोपं आहे. नाव घेतलं की उठायचं."

"आई म्हणते पडायचं."

"आई शाळेत गेलीय का कधी?"

"नाही."

"मग? तिला काय कळतं? ती अडाणी आहे, बारक्या. आपण तिला हळूहळू शिकवू."

एकदा गुरुजींनी बारक्याचं नाव घेतलं, तेव्हा खडीनंच मान खाली घालून जाड आवाजात म्हटलं, "हजर, गुरुजी." भावासाठी. पकडली गेली. गुरुजींनी तिला दिवसभर एका पायावर उभं केलं. घरी येताना ती लंगडत होती आणि हसत होती.

"आज तू हजर होतास," ती म्हणाली. "अर्धा क्षण. पण होतास."

टिटवीला हे 'हजर' ऐकवत नव्हतं. खडी घरी तालीम करायला लागली की ती म्हणायची, "बाळा, इथं नको म्हणूस तो शब्द. शाळेतलं शाळेत ठेव." पण पोरीची मान ताठ झाली की तिला बरंही वाटायचं. खोटं कशाला सांगू? शेजारच्या वटवट्या पक्ष्याला ती दोनदा म्हणाली होती, "आमची पहिल्या रांगेत बसते हं."

आता पुढचं ऐका. ऐकायचं नसेल त्यानं आत्ताच उठून जावं.

अस्वलसाहेबांना वाटलं, काही पोरं अजून शाळेबाहेर असतील. ती घरोघर जाऊन शोधली पाहिजेत. हे उन्हातान्हाचं काम कोण करणार? सगळे माना खाली घालून बसले. तेव्हा रानमांजर पुढं आली.

"मी करते," ती म्हणाली. "मला लहान मुलांची फार ओढ आहे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. करकोचे गुरुजींनी तिला पटाची नक्कल करून दिली. त्यात प्रत्येक पोराचं नाव होतं आणि कोण कुठं राहतं ते होतं.

सुटीचा दिवस होता. भर दुपार. नदीच्या पात्रात गोटे तापले होते. खडी आणि बारक्या ओलाव्याला किडे शोधत होती. रानमांजर काठावरून खाली उतरली आणि टिटवी ओरडली.

दोघं धप्प करून पडली.

टिटवीच्या नवऱ्यानं पंख मोडल्याचं सोंग घेतलं. लंगडत, पंख ओढत तो मांजरीसमोरून गेला. असं केलं की कुणीही त्याच्या मागं लागतं. मांजर चार पावलं गेलीसुद्धा. मग थांबली. तिच्याकडे यादी होती. ती परत फिरली.

ती गोट्यांमधून हिंडली. बारक्याच्या अंगावरून तिची सावली गेली. खडीपासून ती हातभर अंतरावर उभी होती आणि तिला काही दिसत नव्हतं. मुलांनो, आईचा धडा इतका पक्का होता. शाळा कितीही असो, तो बसला होता. खडीचं पोटसुद्धा हलत नव्हतं. मला दिसत होतं.

म्हणजे बारक्याला. बारक्याला दिसत होतं.

मांजर खाली बसली. पंजे चाटले. मग तिनं यादी काढली, घसा साफ केला आणि अगदी गुरुजींसारखी म्हणाली,

"खडी टिटवी!"

गोट्यांमधून एक गोटा उसळून उभा राहिला. मान ताठ.

"हजर, बाई!"

बस्स. यापुढं ते कसं झालं, ते मी सांगणार नाही. आई वरून झडपा घालत होती, बाप घालत होता. मांजरीनं यादीवर खूण केली आणि मग पुढचं नाव घेतलं. ते नाव तिनं तीनदा घेतलं. कुणी उठलं नाही. धाकटा मठ्ठ होता ना.

चौकशी झाली. मोठी चौकशी झाली. रानमांजर म्हणाली, "मी नाव घेतलं, मुलगी हजर होती. माझ्या कामात काही कसूर असेल तर दाखवा." कुणाला दाखवता आली नाही.

अस्वलसाहेबांनी टिटवीला जवळ बोलावलं. त्यांचा आवाज मऊ होता.

"बाई, शाळेला दोष देऊ नका. तुमच्या मुलीचं उत्तर अगदी बरोबर होतं."

त्यांनी खडीला पूर्ण हजेरीचं प्रशस्तिपत्र दिलं. मोठ्या पानावर, मोठ्या अक्षरात. ते टिटवीला ठेवायला जागा नव्हती. घर नव्हतं ना. तिनं ते गोट्याखाली ठेवलं. वाऱ्यानं गेलं.

शिवाय त्यांनी जुन्या अर्जाचा फेरविचार केला. आता दोन पोरं नाहीत, एकच आहे, तेव्हा घर नसलं तरी चालवून घेऊ, असं ठरलं. बारक्याला घरी शिकायची परवानगी मिळाली. शिक्क्यासकट.

टिटवी त्याला म्हणाली, "झालं, आता जाऊ नकोस."

पण बारक्या रोज शाळेत जातो.

कारण खडीचं नाव अजून पटावर आहे. करकोचे गुरुजी म्हणाले, नाव कमी करायचं तर विद्यार्थिनीनं समक्ष येऊन अर्ज द्यावा लागतो. आणि सात दिवस लागोपाठ कुणी गैरहजर राहिलं, तर नावावर लाल रेघ मारतात.

म्हणून सकाळी गुरुजी एका पायावर उभे राहतात, पट उघडतात आणि म्हणतात, "खडी टिटवी!"

शाळेबाहेर गोटे आहेत. त्या गोट्यांमधून कुणीतरी ताठ उभं राहतं आणि मोठ्यानं म्हणतं, "हजर, गुरुजी!"

गुरुजी वर बघत नाहीत. खूण करतात. मग पुढचं नाव घेतात. त्यावर लाल रेघ केव्हाच पडलीय, तरी सवयीनं घेतात.

"बारक्या टिटवी!"

तिथं कुणीच बोलत नाही.

तात्पर्य: आईबापांनी पोरांना घरी शिकवावं की नाही, हा प्रश्न अवघड आहे, पण मोठ्यांनी तो आपल्यासाठी सोडवून ठेवलेला आहे. ज्याला घर आहे त्यानं खुशाल घरी शिकवावं. ज्याला घर नाही त्यानं पोरांना वेळेवर शाळेत पाठवावं आणि नाव घेतलं की ताठ उभं राहायला लावावं. न्यायला आलेल्याला उन्हातान्हात शोधत बसवणं, हे चांगल्या घरातल्या मुलांचं वळण नव्हे.