चायनाच्या गाडीवरचा मुराळी

मयुराचं लग्न झालं त्या वर्षीची दिवाळी. लग्नानंतरची पहिली, म्हणून तिला काटोलहून माहेरी आणायला भावानं मुराळी होऊन जायचं ठरलं होतं. मयुराच्या सासूबाई रीतीभातीच्या पक्क्या. त्यांनी आधीच निरोप धाडला होता, की धनतेरसला दिवे लागायच्या आत मुराळी दारात आला तर सूनबाई माहेरी जाईल. दिवे लागल्यावर आम्ही घरची लक्ष्मी उंबऱ्याबाहेर पाठवत नाही, मग यंदाची दिवाळी इथंच. मयुरा तर आठवडाभर आधीच बॅग भरून बसली होती.

काटोल नागपूरहून काही लांब नाही. एसटी जाते. मयुराच्या माहेरी, नागपूरच्या धोट्यांच्या घरी, स्कूटरही होती. पण मयुराचा भाऊ दुर्गेश यानं लग्नाच्या पंगतीतच नव्या जावयाला, रजतला, सांगून ठेवलं होतं, की दिवाळीला मी अशा गाडीवर येईन की डांबरी सडक संपली तरी ती थांबणार नाही. रजतकडे दणदणीत आवाजाची मोटारसायकल होती आणि जेवताना तो तिच्याविषयी फार बोलला होता. सगळं तिथून सुरू झालं.

दुर्गेशनं मागवलेली गाडी चीनची होती. रस्ता आणि रान दोन्हीवर चालणारी. फोटोत ती एका टेकाडावरून उडी मारत होती. दुर्गेश विमा कंपनीत खुर्चीवर बसून काम करायचा आणि गतिरोधक आला की गाडीवरून पाय खाली टेकवायचा. गाडी इतकी स्वस्त होती, की त्याच्या वडिलांनी, गणपतरावांनी, फोटो पाहून विचारलं होतं, "याच्यात चाकं येतात ना गा?"

चाकं आली, पण सुटी. गाडी धनतेरसच्या आदल्या दिवशी धरमपेठेतल्या अंगणात एका भल्यामोठ्या खोक्यात येऊन पडली. हँडल वेगळं, पुढचं चाक वेगळं, टाकी वेगळी, आणि एका पिशवीत इतके नटबोल्ट, की दुर्गेशच्या आईला, प्रेमलताबाईंना, वाटलं दुकानदारानं दिवाळीची भेट दिली. सोबतच्या पुस्तकात सगळं चिनी. दुर्गेशनं पहिल्या दिवशी फक्त तात्पुरत्या नंबरची पाटी लावली, कारण ते काम सोपं होतं.

धनतेरसच्या सकाळी गणपतरावांच्या थोरल्या बहिणीनं, यमुताईंनी, पूजेचं ताट आणलं. गाडीचा नुसता सांगाडा उभा होता आणि टाकी झाकणाविना पाटावर ठेवलेली होती. दुर्गेश म्हणाला, आत्या, गाडी जोडून झाल्यावर पूजा करू. यमुताईंनी त्याला सांगितलं, की लग्नात नवरीचे दागिने पुरे व्हायचे म्हणून कोणी मुहूर्त थांबवत नाही. मुहूर्त साधला गेला. सांगाड्याला हार, चाकाला कुंकू, टाकीला स्वस्तिक. दुर्गेशची बायको रितिका हिनं सगळ्याचा व्हिडिओ काढून लगेच गाडीच्या कंपनीच्या पानावर टाकला. दुर्गेशनंच तसं सांगितलं होतं, रजत ते पान पाहतो म्हणून.

दुपारपर्यंत गाडी उभी राहिली. चार बोल्ट उरले. दुर्गेश म्हणाला, ते जास्तीचे देतात. पेट्रोल भरलं, बटण दाबलं आणि गाडी पहिल्याच हाकेला सुरू झाली. सगळी गल्ली बाहेर आली. दुर्गेश शिरस्त्राण घालून, हात हलवून निघाला आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यासमोर बंद पडला.

ढकलत परत आणली. जरा वेळ गेला की ती पुन्हा सुरू व्हायची, पुन्हा नेमकी दवाखान्यापर्यंत जायची आणि मरायची. डॉक्टरांचे रोगी बाकावरून उठून पाहू लागले. मग गल्लीतला एकेक जाणकार आला. शेजारचे केशवराव वीज खात्यातून निवृत्त झालेले, म्हणून त्यांना दोष विजेत दिसला. त्यांनी बॅटरी काढली, पुसली, उलटी लावता लावता सुलटी लावली. आणखी एकानं प्लग पाहिला, दुसऱ्यानं साखळी. येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "चायनाचा माल आहे, बाप्पा," आणि हा शोध आपणच लावला अशा चेहऱ्यानं खुर्चीवर बसायचा. डोक्यावर चिनी दिव्यांच्या माळा लुकलुकत होत्या, खिशातले फोनही तिकडचेच, पण ते चालत होते म्हणून त्यांचा देश कोणी काढला नाही.

मयुराचे फोन येत होते. आधी "निघाला काय गा?" मग "कुठवर आला?" शेवटच्या फोनला तिनं आवाज अगदी खाली आणला होता. सासूबाई पणत्या धुऊन राहिल्या, म्हणाली.

प्रेमलताबाई बाहेर आल्या. "स्कूटर घेऊन जा ना गा. पोरगी वाट पाहून राहिली."

"रजतले काय सांगू मग?"

"तुले बहीण आणाची हाय का रजतले गाडी दाखवाची हाय?"

दुर्गेशनं फोन काढला आणि कंपनीला, रजतला दिसणार नाही अशा खाजगी निरोपात, लांबलचक तक्रार लिहिली. तुम्ही भंगार विकता, तुमच्यामुळे माझ्या बहिणीची दिवाळी बुडते आहे, आमच्या देशात याला फसवणूक म्हणतात. केशवरावांनी त्यात दोन कडक वाक्यं सुचवली. सगळ्यांना बरं वाटलं.

उन्हं उतरता उतरता उत्तर आलं. फोननं त्याचं मराठी करून दिलं आणि रितिकानं ते अंगणात, सगळ्यांसमोर, सावकाश वाचलं.

"आदरणीय ग्राहक, तुमचे व्हिडिओ आम्ही पाहिले. पूजेच्या व्हिडिओत हिरव्या साडीतल्या पूज्य आजी इंधनाच्या टाकीत पुन्हा पुन्हा धान्य घालताना दिसतात. आमची गाडी पेट्रोलवर चालते. कृपया टाकी धुवा. सणाच्या शुभेच्छा."

केशवराव घरी काही काम आठवून गेले. बाकीच्या खुर्च्याही रिकाम्या झाल्या. टाकी उपडी केली तर तळाच्या जाळीपाशी हळदीच्या अक्षता गच्च बसलेल्या, घरच्याच, उमरेडकडच्या शेतातल्या तांदळाच्या. गणपतरावांनी स्वयंपाकघराकडे नजर टाकली. आत यमुताई पणत्यांच्या वाती वळत होत्या.

"ताईले कोणी सांगाचं नाई," ते म्हणाले. "चायनाले सांगा काय सांगाचं ते."

गाडी आता दवाखाना ओलांडून दोनदा फिरून आली. आवाज ऐकून यमुताई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, की पूजेचं फळ जरा उशिरानं येते. दुर्गेश शिरस्त्राणाचा पट्टा बांधत होता, तेवढ्यात फाटकापाशी ऑटो थांबला आणि मयुरा बॅग घेऊन उतरली. शेजारी दिवे लागत होते.

तिकडे काटोलला सासूबाईंनी पणत्यांत तेल ओतायला घेतलं, तेव्हाच मयुरानं पदर खोचला होता. दादा आला, पण गावातले खड्डे पाहून नवी गाडी आत आणत नाही, फाट्यावर उभा आहे, असं सांगून ती निघाली आणि एसटीत बसली.

"खड्ड्यांसाठीच तं घेतली ना वं त्यानं ते गाडी," रितिका म्हणाली.

"मले काय माहीत. त्याईनं मानलं."

लगेच काटोलहून फोन आला. रजतला मुराळ्याशी बोलायचं होतं. गाडी कशी चालली, विचारत होता. दुर्गेशनं बायकोकडे पाठ केली आणि म्हणाला, "मक्खन."

त्या एका शब्दावर रजतनं भाऊबीजेच्या आत तशीच गाडी मागवली. खोकं आलं, आणि पाठोपाठ दुर्गेशला निरोप, की गाडी जोडून द्या, आणि तुमच्या आत्याबाईंना पूजेला आणा, तुमच्या गाडीला जशी केली तशीच पूजा इथं पाहिजे. यमुताईंना असा मान जन्मात मिळाला नव्हता. त्यांच्यासाठी काटोलहून मोटार आली. त्यांनी तीच हिरवी साडी नेसली.

पूजा सुरू झाली तेव्हा दुर्गेश टाकी धरण्याच्या निमित्तानं तिच्या तोंडावर तळहात ठेवून बसला होता. यमुताईंनी त्याच्या हातावर चापट मारली.

"हात काढ गा. पोटात काही गेल्याशिवाय चालते का कोणी?"

दुर्गेशनं एकदा रजतकडे पाहिलं, त्याच्या दणदणीत मोटारसायकलकडे पाहिलं आणि हात काढला. आत्याचा मान राखावा म्हणून काढला, असं तो अजून सांगतो.

यमुताई पुढच्या वर्षी माघात, रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वारल्या. दोन्ही गाड्या आपल्याच हातानं चालत्या झाल्या, असं त्या शेवटपर्यंत म्हणायच्या.