नीसच्या किनाऱ्यावरची गाठोडी

विणकर सहकारी संस्थेच्या गोदामात न खपलेली लुगडी आढ्याला टेकली होती, म्हणून सचिव शालिग्रामभाऊ हल्ली गोदामाकडे पाठ करून बसत. गिरणीची स्वस्त पातळं बाजारात आल्यापासून बुऱ्हाणपूरच्या जरीकाठी लुगड्याकडे गिऱ्हाईक फक्त लग्नसराईत फिरके, आणि तेही हात लावून, भाव विचारून, दुसऱ्या कोणाच्या तरी लग्नाला निघून जाई.

"शालिग्राम," संस्थेतले सगळ्यांत जुने विणकर कौतिकआप्पा एक दिवस दारात उभे राहून म्हणाले, "उंदीर बी आता जरीला तोंड लावत नाहीत. काही तरी कर भौ. पावसाळ्यात माग बंद पडले तं मी काय करू? भजनात बसू? मला गाता येत नाही."

काही तरी करायचं काम त्या काळी सरकारकडे असे, आणि सरकारनं ते केलं होतं. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, नीस नावाच्या गावी, हातमागाच्या कापडाचं प्रदर्शन भरणार होतं. तिथे बडे व्यापारी येणार होते. नागपूरच्या खात्यानं त्यासाठी शालिग्रामभाऊंची निवड केली आणि लगेचच नागपूर राजधानी राहिलं नाही. राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, बुऱ्हाणपूर नव्या मध्यप्रदेशात राहिलं, आणि शालिग्रामभाऊंची फाईल काही महिने कोणत्याच राज्यात नव्हती. ती भोपाळला पोचली तेव्हा तिथल्या साहेबांना प्रश्न पडला, की नागपूरनं मंजूर केलेला माणूस रद्द करायचा तर मंजुरी कोणाची घ्यायची? उत्तर सापडेना. शेवटी त्याला पाठवून देणंच सोपं पडलं.

सचिवाला आपल्याबरोबर एक सहायक न्यायची परवानगी होती. त्या जागी नाव घालायचं नागपूर विसरलं होतं. भाऊंच्या बायकोनं, मालूबाईंनी, तिथे आठवणीनं स्वतःचं घालायला लावलं.

"मी सहायक नाही तं कोण हाये?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "घरात तुम्हाला काय सापडतं माझ्याशिवाय?"

स्टेशनावर हार पडले. कौतिकआप्पांनी स्वतः विणलेलं डाळिंबी नऊवार नमुन्यांच्या पेटीत सगळ्यांत वर ठेवलं आणि एवढंच म्हणाले, "ऑर्डर घेऊन ये बापा. रिकाम्या हातानं आला तरी चहा पाजू, पण तो गोड नसंल."

नीसला प्रदर्शनाचा हॉल समुद्राच्या समोरच होता. मधे फक्त रस्ता. व्यापाऱ्यांची कमिटी अकरा वाजता शालिग्रामभाऊंचे नमुने पाहणार होती. भाऊ सकाळीच आंघोळ करून, परीटघडीचं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी अशा थाटात पेटी घेऊन तयार होते. तेवढ्यात मालूबाई म्हणाल्या, "मी जरा समुद्रात तीन बुड्या मारून येते."

"आता? जहाजावरून इतके दिवस समुद्रच पाहिला ना?"

"पाहिला. हात कुठं लावला? नव्या पाण्याशी आलो, अन् अंगावर न घेता गेलो, तं ते पाणी काय म्हणंल?"

भाऊंनी मालूबाईंचं कोरडं लुगडं खांद्यावर टाकलं. पेटी उचलून ते मागोमाग गेले.

किनाऱ्यावर वाळू नव्हती. तापीच्या पात्रात असतात तसे गुळगुळीत गोटे होते, आणि त्या गोट्यांवर लांबच लांब माणसं पडली होती. बायका, पुरुष, म्हातारे, जाडे. एकाच्याही अंगावर हातरुमालाहून मोठं कापड नव्हतं. पाणी इतकं निळं होतं, की कोणी तरी नीळ सांडली असावी असं मालूबाईंना वाटलं.

"हे सगळे आजारी हायेत का हो?"

"नाही. ऊन खातायत."

"व माय! बुऱ्हाणपूरला फुकट मिळतं ते खायला हे गाडीभाडं देऊन येतात?"

मालूबाई नेसत्या लुगड्यानिशी पाण्यात शिरल्या. भाऊ त्यांचं कोरडं लुगडं मांडीवर घेऊन, पेटीला टेकून बसले.

इथे बुऱ्हाणपूरच्या, तापीवरच्या राजघाटाचा नियम सांगितला पाहिजे. राजघाटावर जो पाण्यात उतरतो तो आपले कपडे, जोडे, गळ्यातलं जे असेल ते, पायरीवर कोरड्या बसलेल्या माणसापुढे ठेवतो आणि म्हणतो, "पाहजा बरं जरा." ओळख लागत नाही. आणि ज्याच्यापुढे कपडे ठेवले, तो ओला माणूस परत येईपर्यंत हलत नाही. भाऊंच्या एका चुलत्यानं कोणा परक्याच्या धोतरापायी स्वतःच्या लग्नाचा मुहूर्त घालवला होता, आणि मुलीकडचेही बुऱ्हाणपूरचेच असल्यामुळे त्यांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

त्यामुळे जवळच बसलेल्या, मोठी गवती टोपी घातलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं टोपी, पर्स आणि झगा उचलून भाऊंकडे प्रश्नार्थक पाहिलं, तेव्हा भाऊ सवयीनं म्हणाले, "ठेवा ठेवा. मी हाये."

म्हातारीनं ठेवलं आणि ती पाण्यात गेली.

एवढ्यावर भागलं असतं. पण मालूबाई तीन बुड्या मारून बाहेर आल्या आणि त्यांनी काठावर उभं राहून लुगडं बदललं. राजघाटावर बायका बदलतात तसंच, ओलं सुटत जातं आणि कोरडं चढत जातं, मधे नखसुद्धा दिसत नाही. जिथे कोणी काही झाकत नव्हतं, तिथे एक बाई भर उन्हात नऊ वार बदलते आणि दिसत काहीच नाही, हे पाहायला सगळा किनारा उठून बसला. मालूबाईंनी शेवटचा काष्टा खोचला तेव्हा टाळ्या पडल्या.

"हे कशाला वाजवतायत?"

"तुझं स्नान झालं म्हणून," भाऊ म्हणाले.

जमलेल्यांनी मग पाहिलं, की पांढऱ्या कपड्यांतला आणि पांढऱ्या टोपीतला हा माणूस सामान सांभाळतो. तिथल्या किनाऱ्यावर सामान सांभाळणारे नोकर पांढऱ्या कपड्यांत असत, हे भाऊंना माहीत नव्हतं. एकानं विजार ठेवली. दुसरीनं झगा. एका जोडप्यानं बूट, चष्मे आणि एक लहान कुत्रं ठेवलं. भाऊ प्रत्येकाला म्हणत, "ठेवा, मी हाये," आणि प्रत्येक जण खूश होऊन पाण्यात पळे.

साडेदहा झाले. एक जण परत येईना. राजघाटावर तीन बुड्या, एक अर्घ्य, की माणूस बाहेर. ही माणसं पाण्यात जात, तरंगत, बाहेर येऊन गोट्यांवर पडत, पुन्हा पाण्यात जात. कपड्यांची कोणाला आठवणच नव्हती.

"अहो, चला ना. अकरा वाजतील," मालूबाई म्हणाल्या.

"कसा येऊ? हे कोणाच्या भरवशावर टाकू?"

मालूबाई तिथेच गोट्यांवर बसल्या. त्याही बुऱ्हाणपूरच्याच होत्या.

तेवढ्यात रस्त्यावरून दुभाषा अरुळनाथन धावत आला. तो पाँडिचेरीचा. तीन वर्षांपूर्वीपर्यंत तो फ्रेंच होता, आता आपला होता, पण कागदोपत्री अजून नक्की ठरायचं होतं, म्हणून तो दोन्ही बाजूंशी अदबीनं वागे.

"सेक्रेटरीजी! कमिटी बैठ गया! आप इधर क्या करता?"

"लोकांचे कपडे हाये ना बापा."

"छोड़ दो!"

"छोड़ दूँ?" भाऊंचा आवाज चढला. "किसीने भरोसा करके रखा है. बुऱ्हाणपूर में ऐसा नहीं चलता."

"ये बुऱ्हाणपूर नहीं है!"

"मैं तो हूँ ना," भाऊ म्हणाले.

अरुळनाथन कपाळाला हात लावून परत निघाला. जाताना त्याची गाठ किनाऱ्यावरच्या लाकडी खोल्यांच्या मालकाशी पडली. तिथे पैसे देऊन कपडे ठेवायची सोय होती आणि आज त्याच्या सगळ्या खोल्या रिकाम्या होत्या. मालक अरुळनाथनला घेऊन, हातवारे करत भाऊंपुढे येऊन उभा राहिला.

"पूछता है, ये धंदे का लायसन्स किधर?"

"सांग त्याला, मी सरकारी पाहुणा हाये."

अरुळनाथननं ते सांगितलं. मालकाला वाटलं, आता भारत सरकारही या धंद्यात उतरलं. तो शिट्टी फुंकत पोलीस शोधायला गेला.

आणि मग वारा सुटला. पहिल्यांदा म्हातारीची टोपी उठली. तिच्यामागे एक गुलाबी वस्त्र उठलं, ज्याचं नाव भाऊंना माहीत नव्हतं आणि जे धरताना त्यांनी डोळे मिटून घेतले. विजारी झग्यांत मिसळल्या. कुत्रं एक बूट घेऊन निघालं.

"अहो, कोणाचं काय ते आता कसं कळंल?"

"तूच सांग! तू सहायक ना?"

मालूबाईंनी एकदा ढिगाकडे पाहिलं आणि एकदा पेटीकडे. "लुगडी काढा."

"नमुने हायेत ते!"

"मंग दाखवा ना नमुना. पेटीत कोणाला दिसणार हाये?"

भाऊंनी पेटी उघडली. एका माणसाचे कपडे एका लुगड्यात, दुसऱ्याचे दुसऱ्यात. हिरवा काठ जोडप्याचा, जांभळा विजारवाल्याचा, मोरपंखी टोपीवाल्या म्हातारीचा. मालूबाई लुगडं घडी घडी दुमडून मधे कपडे ठेवत, वर जरीच्या पदराची फुगीर गाठ मारत. भाऊ दर गाठीला कण्हत. पाऊण तासात गोट्यांवर गाठोड्यांची रांग लागली आणि भूमध्य समुद्राच्या उन्हात जरीचे काठ असे चमकायला लागले, की रस्त्यावरची माणसं कठड्याशी थांबली.

बारा वाजता कमिटी जेवायला उठली. तिथली पद्धत अशी, की जेवणाआधी समुद्रात जायचं. कमिटीतल्या मुख्य बाई पॅरिसमधल्या एका मोठ्या दुकानाच्या मालकीण होत्या. आपण न भेटलेला भारतीय प्रतिनिधी तो हाच, हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांनी रांग पाहिली, झगा काढला आणि भाऊंपुढे ठेवला. पेटीत एकच लुगडं उरलं होतं. भाऊंनी मुद्दाम राखलेलं, कौतिकआप्पांचं डाळिंबी.

"नको," भाऊ म्हणाले.

"मंग झगा उडू द्या," मालूबाई म्हणाल्या.

झगा डाळिंबी लुगड्यात गेला.

बाई पाण्यातून आल्या. त्यांनी गाठोडं उचललं, फिरवून पाहिलं, खांद्याला अडकवून पाहिलं. झगा बाहेर काढायचं नाव काढेनात. अरुळनाथनला हाक गेली.

"मॅडम पूछती है, ये थैली कहाँ का है?"

"थैली?" भाऊ ताडकन उठले. किनाऱ्यावर बसल्यापासून ते पहिल्यांदाच उठत होते. "नऊवार हाये ते! कौतिकआप्पानं महिनाभर विणलंय!" त्यांनी गाठ सोडली आणि लुगडं फडकवून नऊच्या नऊ वार किनाऱ्यावर पसरलं.

बाईंचा चेहरा पडला.

"बोलती है, खोलने से बिगड़ गया. फिर से बाँधो."

भाऊंनी मालूबाईंकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांपुढे बंद माग आले आणि भजनात बसलेले कौतिकआप्पा आले. मालूबाईंनी पुन्हा गाठ मारली. बाई हसल्या आणि म्हणाल्या, संस्थेत अशा जेवढ्या थैल्या आहेत तेवढ्या सगळ्या पाठवा. गाठीसकट.

मालक पोलिसाला घेऊन आला तेव्हा पोलिसानं टोपी काढून ती भाऊंपुढे ठेवली आणि तोही पाण्यात गेला.

बुऱ्हाणपूरला भाऊंनी सांगितलं त्यात खोटं काही नव्हतं. "पॅरिसच्या बाईनं आप्पांचं लुगडं हातातून सोडलं नाही," ते म्हणाले. संस्थेत गुलाल उडाला. चहा इतका गोड झाला, की तो कोणाला पिववेना. गोदामात मालूबाई चार बायकांना घेऊन लुगड्यांना गाठी मारत बसल्या, तेव्हा आप्पांनी विचारलं, "हे कशाला?"

"परदेशचा माल हाये, आप्पा. बांधूनच पाठवावा लागतो," भाऊ म्हणाले.

पावसाळा लागला, माग चालू राहिले, आणि एक दिवस पॅरिसहून दुकानाच्या जाहिरातीचा मोठा रंगीत फोटो आला. भाऊ तो टेबलाच्या खणात सरकवणार, इतक्यात आप्पांनी हात पुढे केला. "पाहू दे. माझंच हाये ना ते?"

फोटोत तोच किनारा होता. गोट्यांवर एक तरुण बाई बसली होती. तिच्या अंगावर सांगण्यासारखं काही नव्हतं. शेजारी, जरीची गाठ मारलेलं, डाळिंबी लुगड्याचं टम्म गाठोडं होतं.

 बाहेर माग खटखटत होते. भाऊ गोदामाकडे पाठ करून उभे राहिले. आप्पांनी चष्मा पुसला, फोटो खिडकीशी नेऊन उजेडात धरला.

"बिचारी," ते म्हणाले.

"का हो, आप्पा?" भाऊंनी चाचरत विचारलं.

"एवढं नऊवार बाजूला बांधून ठेवलंय पोरीनं, अन् नेसवून देणारं घरात एक माणूस नाही." आप्पांनी फोटो मालूबाईंच्या हातात दिला. "पुढच्या जहाजानं तू एकटी जाय, मालूबाई. याला इथं राहू दे. हा तिथं गेला अन् पोरीला नेसायचं कसं ते बोलला बी नाही."