नदीकाठी निजलेल्या बागेचे पंधरा दिवस

श्रीनदीमाय समर्थ. वाचणाराने बागेच्या कडेस उभे राहून वाचावे, वाफ्यात पाय ठेवून वाचू नये, ही प्रथम विनंती. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, चैत्र वद्य तृतीयेस नदीकाठच्या बागेवर जे संकट गुदरले ते अक्षय्य तृतीयेपर्यंत कैसे चालले, ती हकीकत जैसी घडली तैसी, पदरचे काही न घालता लिहिली असे.

राजधानीत नदीच्या डाव्या तीरी, जुन्या पुलापासून घाटापर्यंत, सरकारांनी रयतेसाठी बाग केली होती. दरसाल रोपे आणावी आणि वाळली की फेकावी, ऐसी ती नव्हती. एकदा लाविलेले कंद जमिनीत राहत आणि वर्षानुवर्षे आपले आपण उगवत. दक्षिणेच्या वाफ्यात भुईचाफा, उत्तरेच्या वाफ्यात कळलावी. पावसाळा सरला की यांची पाने पिवळी पडून झडतात, आणि मग कंद मातीखाली निजतो, वर काडीही दिसत नाही. माळीण सगुणाबाई रासकर यांनी नऊ वर्षांमागे हे कंद स्वहस्ते लाविले, त्यांस ही रीत ठाऊक होती. दरबारास नव्हती, कारण श्रीमंत सरकार दरसाल श्रावणात येत आणि बाग भरात पाहून जात. या साली नव्या पुलाची पाहणी निघाली, म्हणून चैत्रातच स्वारी तिकडे वळली, आणि पाहतात तो दोन्ही वाफे उघडे, माती तडकलेली, आणि नावांच्या पाट्या तेवढ्या उभ्या.

सरकार म्हणाले, “हे काय? बाग कुठं आहे?” बागेचे कारभारी रघुवीरराव पोफळे पाट्यांकडे पाहू लागले. सगुणाबाई पुढे होऊन म्हणाल्या, “झोपलीय, साहेब. उठेल.” तेव्हा फरसबंदीचे मक्तेदार बाळाशेठ स्वारीत होते, ते हसले आणि म्हणाले, “बाई, आमच्याकडं झोपलेल्याचा श्वास तरी चालतो.” दरबार हसला. मग सरकारांनी हुकूम फर्माविला की बागेस पाणी देऊन जागी करावी, पंधरा दिवसांची मुदत, आणि अक्षय्य तृतीयेस सकाळी नऊपर्यंत जिवंतपणाची खूण न दिसल्यास सर्व खणून सपाट करावे आणि फरसबंदीचे ब्लॉक बसवावे.

दुसरे दिवशी सहा वाजताच टँकर आला. टँकरवाले हसनभाई भले गृहस्थ, त्यांनी बाग वाचावी म्हणून उत्तरेचा वाफा असा भिजविला की वर पाणी तुंबले. तिसरे दिवशीही तैसेच. सगुणाबाईंस ते दोन दिवस दुसऱ्या बागेत कामास धाडिले होते, त्यांस हे चौथे दिवशी कळले, आणि त्या धावत आल्या तो पाइप दक्षिणेच्या वाफ्याकडे वळत होता. मग त्या पाइपावर बसल्या. हसनभाई म्हणाले, “मावशी, उठा ना. पाणी देतोय, विष नाही देत.” सगुणाबाई म्हणाल्या, “या दिवसांत याला पाणी विषच आहे रे बाबा. निजलेल्याच्या तोंडात घागर ओतशील का तू?” इतक्यात कारभारी आले आणि हात जोडून म्हणाले, “सगुणाबाई, सरकारांचा लेखी हुकूम आहे.” त्यावर बाई म्हणाल्या, “हुकूम कंदाला वाचता येत नाही, राव.”

मग त्यांनी खुरपे घेतले आणि उत्तरेच्या वाफ्यात हातभर उकरून एक कंद वर काढिला. बोटांनी दाबिला तो फुटला आणि आतून काळे पाणी आले, आणि वास ऐसा सुटला की कारभाऱ्यांनी हातरुमाल तोंडास लाविला. दुसरा काढिला, तोही तैसाच. तिसरा बाईंनी काढिला नाही. त्या उगीच खुरपे पुसत बसल्या. मग दक्षिणेस एक उकरिला, तो टणक निघाला. कारभारी म्हणाले, “टणक तर बटाटाही असतो. सरकारांना काय बटाटा दाखवू?” आणि खालच्या आवाजात म्हणाले, “पाणी दिलं नाही आणि काहीच उगवलं नाही, तर तुमची बाग जाईल आणि माझी खुर्ची. मुलीचं लग्न आहे हो मार्गशीर्षात.” बाई म्हणाल्या, “पाणी दिलंत तर उगवायला काही उरणारच नाही. मी बंदी केली म्हणून सांगा. माझं नाव सांगा.” हसनभाईंनी पाइप गुंडाळिला.

तेथून अकरा दिवस बाग कोरडी ठेविली. बाई पहाटेस येत, वाफ्याच्या कडेने चालत, वाकून पाहत आणि जात. सातवे दिवशी काही नाही. दहावे दिवशी काही नाही. घाटावर फिरावयास येणारे लोक विचारीत, “काय, उठली का?” आणि मग विचारीनासे झाले. तेरावे दिवशी ब्लॉक येऊन फाटकाशी रचिले गेले. चौदावे दिवशी बाईंनी पाण्याची झारी भरून वाफ्याशी आणिली, बराच वेळ हातात धरिली, आणि नदीत ओतून दिली. हे हसनभाईंनी पाहिले आणि आम्हांस सांगितले.

अक्षय्य तृतीयेस पावणेनऊला स्वारी आली. खणावयाचे यंत्र फाटकात घुरघुरत होते. दक्षिणेच्या वाफ्याच्या मध्यभागी फरसबंदीच्या मुहूर्तासाठी पूजेची वीट मांडिली होती. सरकारांनी वाफा पाहिला आणि विचारिले, “कुठं आहे खूण?” बाई म्हणाल्या, “अजून थोडं थांबा.” सरकार म्हणाले, “किती?” बाई म्हणाल्या, “खोटं कसं बोलू? तारीख मला ठाऊक नाही.” सरकार म्हणाले, “मग मला तरी कशी ठाऊक असणार?” आणि नारळ हाती घेऊन वाफ्यात उतरले, मागे कारभारी, बाळाशेठ आणि सात असामी. विटेपासून दोन हातांवर सरकारांनी पाऊल उचलिले आणि सगुणाबाई ओरडल्या, “पाय काढा!”

सरकारांस ऐसे त्या राज्यात कोणी बोलले नव्हते. यंत्रवाल्याने यंत्र बंद केले. सरकार एका पायावर, एक हात बाळाशेठांच्या खांद्यावर, दुसऱ्या हाती नारळ, ऐसे उभे राहिले. बाई त्यांच्या जोड्याखाली ओणव्या झाल्या. तेथे रुपयाएवढी मातीची खपली उचललेली होती. ती बाईंनी नखाने दूर केली, आणि खाली पांढरे, टोकास जांभळे, मिटलेले बोट दिसले. पाने नाहीत, देठ नाही, मातीतून थेट फूल. सरकार वाकून पाहू लागले, तोल जाऊ लागला, तरी पाय टेकविला नाही.

बाळाशेठ म्हणाले, “एक फूल आलं म्हणून काय झालं?” बाई म्हणाल्या, “तुमच्या टाचेमागं दुसरं आहे. हलू नका.” शेठ हलले नाहीत. मग सर्वांच्या नजरा जमिनीस लागल्या, आणि पाहावे तिकडे खपल्या उचललेल्या. आत येताना कोणास दिसल्या नव्हत्या, आता बाहेर जाणे कठीण झाले. कारभारी रडवेल्या आवाजात म्हणाले, “सगुणाबाई, आता आम्ही जायचं कसं?” बाई म्हणाल्या, “माझ्या पावलावर पाऊल टाका. एकेक जण.” आणि पुढे बाई अनवाणी, मागे सरकार, मागे सगळा दरबार, जोडे हातात घेऊन, ऐसे बाहेर आले. नारळ फाटकाबाहेर ब्लॉकवर फोडिला आणि खोबरे यंत्रवाल्यासही दिले.

एकंदर बखरीचा मतलब इतका. दक्षिणेचा वाफा राहिला. उत्तरेचा गेला, तेथे मृगात एकही कळलावी उठली नाही, आणि हसनभाई अद्याप त्या बाजूने जात नाहीत. कारभाऱ्यांची खुर्ची राहिली. सरकारांशी उद्धट बोलल्याबद्दल सगुणाबाईंस लेखी जाब विचारिला गेला, त्यांनी एक ओळ उत्तर दिले की “अदबीनं बोलायला वेळ नव्हता.” तो कागद सरकारांकडे गेला, आणि परत आला तेव्हा खाली त्यांच्या हातचा शेरा होता: चैत्रात या वाफ्यावर पाटी लावावी, ‘येथे काही नाही असे वाटेल. पाय ठेवू नये.’ पाटी लाविली आहे. पाणी बंद आहे.