वहीचा शेवटचा रकाना

आमच्या शेजारचे हवालदारकाका कुणालाही ‘कशी आहेस’ असं विचारत नाहीत. मी आटगावच्या कामावरून घरी आले की कुंपणापलीकडून आवाज येतो, “आटगावला किती?”

म्हणजे किती डिग्री. मी मोबाइलमध्ये बघून सांगते. शहापुरातले बाकीचे लोक माझ्या लग्नाचं विचारतात. त्यापेक्षा हा प्रश्न मला बरा वाटतो.

काका फौजेत शस्त्रागारात होते. पलटणीच्या नेमबाजांसाठी रायफलच्या गोळ्या हाताने भरायचे, एकेका गोळीतला बारूद तोलून. आता घरात बंदूक नाही. ओट्याच्या भिंतीवर थर्मामीटर आहे आणि खाली एक वही. दिवसातून तीनदा नोंद.

“बारूद सारखाच भरला ना गो, तरी उन्हात गोळी वर लागते, थंडीत खाली. डोंगरावर हवा पातळ, तिथं परत वर. मानूस म्हनतो, माझा नेम चुकला. नेम नाय चुकत, हवा बदलते.”

हा नियम ते सगळ्यांना लावतात. एकदा भर दुपारी माझी आई भाजीवालीशी भांडत होती, तर पलीकडून शांतपणे म्हणाले, “अडतीस हाय, वयनी. संध्याकाळी भांडा, नेम लागंल.”

त्यांचा मुलगा महेशही फौजेत आहे. उत्तरेला कुठेतरी उंचावर. नेमकं कुठे, ते फोनवर सांगायची परवानगी नाही. काकू गेल्यापासून दर रविवारी दुपारी त्याचा फोन येतो. काका स्पीकर लावून दोनच प्रश्न विचारतात, “किती डिग्री?” आणि “डाळीला शिट्ट्या किती?” उंचावर डाळ लवकर शिजत नाही, म्हणून शिट्ट्यांवरून उंचीचा अंदाज.

हा अंदाज पक्का करायला त्यांनी मुरबाडमार्गे एसटीने माळशेज घाट गाठला, कुकर मांडीवर घेऊन. मोबाइलवर उंची बघायला मी सोबत. लोक दरीचे फोटो काढत होते आणि काका टपरीवाल्याच्या शेगडीपुढे उकिडवे बसून शिट्ट्या मोजत होते.

“काका, डाळ खायला घाट चढले?” टपरीवाल्याने विचारलं.

“खायला नाय. टेस्ट हाय.”

घरी तीन, घाटातही तीनच. काकांनी तरी लिहून घेतलं. डाळ टपरीवाल्याने खाल्ली, मीठ नाही म्हणून कुरकुरत.

या जानेवारीत दोन रविवार महेशचा फोन आला नाही. काका तासातासाला भिंतीपाशी जायला लागले. तिसऱ्या रविवारी त्यांनी मला हाक मारली. “फोन आला तर आज तू लिही गो. मी नुस्ता ऐकतो.”

मी वही पहिल्यांदाच उघडली. तारीख, तापमान, शिट्ट्या. शेवटच्या रकान्यावर आधी ‘गोळी’ लिहिलेलं होतं, ते खोडून ‘आवाज’ केलं होतं. त्याखाली एकेका रविवारची नोंद.

खाली.
खाली, खोकला.
वर. हसला.
खाली. लवकर ठेवला.

मी वाचतेय हे काकांनी पाहिलं. “इथल्या उकाड्यात वाढवला मी त्याला,” ते म्हणाले. “आन् पाठवला बर्फात.”

एवढ्यात फोन वाजला.

“किती डिग्री?”

“उणे अकरा, बाबा. बर्फानं लाइन बंद होती.”

“शिट्ट्या?”

“सात.”

मी लिहून घेतलं. आता काका फोन ठेवणार, तेवढ्यात महेशने आजवर कधी न विचारलेलं विचारलं, “बाबा, आपल्याकडं किती हाय?”

काकांनी थर्मामीटरकडे पाहिलं. चष्मा डोळ्यांवर होता, दुपारचं लख्ख ऊन होतं, तरी त्यांना आकडा वाचता येईना.

शेवटी मीच हळूच सांगितलं, “तीस.”

“तीस,” काका फोनमध्ये म्हणाले.

शेवटच्या रकान्यात मी काकांचा आवाज लिहिला. खाली.