सरावाची मुलाखत

“अहो, तो इस्त्रीचा शर्ट उद्याच्या मुलाखतीसाठी आहे. आज घालू नका,” बायको म्हणाली.

“आज नुसता सराव आहे. चुरगळलेला चालेल,” म्हणत शेवाळवाले डॉक्टर घराबाहेर पडले.

पीएच.डी. झाल्यावर कायमची नोकरी लागेपर्यंत विद्यापीठात जे राबणं चालतं, त्याला पोस्टडॉक म्हणतात. डॉक्टरांचं शेवाळाच्या संशोधनातलं राबणं महिनाअखेरीस संपणार होतं. विभागात प्राध्यापकाची एकच जागा निघाली होती. ती हुकली की शेवाळाच्या बरण्यांसकट रस्त्यावर. विद्यापीठाला अशांची फार काळजी. त्यासाठी त्यांनी करिअर साहाय्य केंद्र काढलं होतं: एक खोली, एक उत्साही मार्गदर्शक बाई आणि त्यांच्या ईमेलचा भडिमार. ‘ताण हाताळा’, ‘अनिश्चिततेत आनंद शोधा’. नोकरी सोडून सगळं त्यात मिळायचं. कंटाळून डॉक्टरांनी केंद्राचे ईमेल परस्पर कचऱ्यात जातील अशी सोय करून टाकली होती. सरावाचं निमंत्रण बाईंनी त्यांना जिन्यात गाठूनच दिलं होतं.

“सरावाच्या समितीतले लोक मुद्दाम त्रास देतील, सर. तुम्ही बिनधास्त बोला,” असंही त्यांनी बजावलं होतं.

केंद्राच्या खोलीत तिघं अनोळखी बसले होते. अध्यक्ष डुलक्या घेत होते, दुसरे गृहस्थ फोनवर नळ दुरुस्त करणाऱ्याशी हुज्जत घालत होते आणि तिसऱ्या बाई चहात बिस्कीट बुडवण्यात गुंग होत्या.

“हं, बोला,” बाई कपातून मान वर न काढता म्हणाल्या.

डॉक्टरांनी जीव ओतून आपलं सगळं शेवाळ सांगितलं. अध्यक्ष घोरू लागले. डॉक्टर खूश झाले.

“झकास वठवताय तिघंही,” ते म्हणाले, “पण जरा अति होतंय. खरी समिती इतकी टाकाऊ नसते हो. आणि हे घोरणं तर पारच नाटकी.”

“बरं. पुढच्याला पाठवा,” बाई म्हणाल्या.

बाहेर कडक इस्त्रीतले चार उमेदवार बसलेले. मार्गदर्शक बाई लगबगीने आल्या. “सर, आज हा शर्ट? अहो, मुलाखत एक दिवस अलीकडे आली, म्हणून सराव रद्द. किती ईमेल पाठवले मी. समितीला आमचीच खोली दिली, ती कायम रिकामी असते ना.”

डॉक्टर शर्टाच्या चुण्या हाताने सारख्या करू लागले.

चार दिवस ते नोकरीच्या जाहिराती चाळत होते. मग मार्गदर्शक बाईंचा फोन आला. “सर, अभिनंदन. तुमची निवड झाली. समिती म्हणाली, उमेदवार नम्र आणि मितभाषी आहे.”

फोन ठेवून डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

“आता काय बिनसलं?” बायकोने विचारलं.

“अगं, मी त्यांना तोंडावर नावं ठेवली, तेसुद्धा कुणी ऐकलं नाही.”

“सुटलात की मग.”

“म्हणजे शेवाळाचंही कुणी ऐकलं नसणार. उमेदीची वर्षं घातली गं मी त्यात.” डॉक्टरांना खरोखरच वाईट वाटलं होतं.

बायकोने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. “शेवाळाचं तर मीही कधी धड ऐकलेलं नाही,” ती म्हणाली. “संसार झालाच ना?”