गुलाबकाकांची बिनआवाजाची गाडी

समोर चांगला डांबरी रस्ता असताना गुलाबकाका त्याच्या कडेच्या काट्याकुट्यातून जातात. आमच्या गावाहून सोनपेठला जायला सडक आहे, एसटी आहे, हात केला की थांबणारे ऑटो आहेत. काका मात्र ओढ्यात उतरतात, बांधावर चढतात, कुणाच्या तरी पडीक रानातून वाट काढतात आणि पायजम्याला गोखरू चिकटवून आठवडी बाजारात हजर होतात. एकदा न राहवून मी कारण विचारलं. म्हणाले, "सडकीचं काय कौतुक सांगायलाव सर? ती काय, कुणालाबी नेती."

मी गावातल्या शाळेत विज्ञान शिकवतो आणि काकांच्या घराच्या माडीवर राहतो. म्हणजे काका जे काही करतात ते मला वरून दिसतं आणि जे करताना हात कमी पडतो तिथं मला खाली बोलावलं जातं. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला सगळी यंत्रं कळतात असा काकांचा समज आहे. तो मी वेळीच दूर केला नाही, कारण गावात माझ्याबद्दल असलेला तो एकमेव चांगला समज होता.

काकांचं आवडतं वाक्य म्हणजे "अंदाजा हाय माझा." मोजमाप, नकाशा, लेव्हल असल्या गोष्टी त्यांना कमीपणाच्या वाटतात. त्यांनी अंदाजानं बांधलेल्या गोठ्याचं दार आतल्या म्हशीपेक्षा अरुंद निघालं. म्हैस आधीपासून आत होती, म्हणून ते कळायला उशीर झाला. शेवटी भिंत पाडली. "हवा लागंल बिचारीला. अंदाजा होताच माझा," असं म्हणून काकांनी तेही खात्यात जमा करून घेतलं.

अशा माणसानं बग्गी करावी यात नवल नाही. बग्गी म्हणजे नवरदेवाची घोड्याची नव्हे. काकांनी मोबाइलवर कुठल्याशा वाळवंटात उड्या मारत जाणारी गाडी बघितली आणि औजारांच्या शेडमध्ये वेल्डिंग सुरू केलं. लोखंडी पाइपांचा पिंजरा, जाड नक्षीची चाकं, पुढं दोन खुर्च्या, मागं सामानाची जाळी आणि त्या जाळीखाली एका निकामी मोटारीचं पेट्रोल इंजिन. छत नाही, दारं नाहीत. सायलेन्सर होता, पण अंदाजानं बसवलेला. ती गाडी सुरू झाली की गावातली कुत्री आधी भुंकायची आणि मग विचार बदलून पळून जायची.

लोक म्हणायचे, म्हातारपणी पोराचा खेळ सुचलाय. पण ती गाडी कशासाठी होती ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ती काकूंसाठी होती.

काकूंना दमा आहे आणि गुडघे गेलेले आहेत. शेत गावापासून लांब, मधे पाणंद, म्हणजे रानातली गाडीवाट. काळ्या मातीची, चाकोऱ्यांनी फाटलेली. मोटार तिथं जात नाही, मोटारसायकलवर काकूंना बसता येत नाही, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत त्यांची हाडं खिळखिळी होतात. त्यामुळे कित्येक वर्षांत त्यांनी स्वतःचं शेत बघितलं नव्हतं. एरवी चाललंही असतं, पण येळवशीला चालत नव्हतं.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. ज्यांच्याकडे ती नाही त्यांना सांगतो: भर हिवाळ्यात, रानात ज्वारी उभी असते तेव्हा, त्या दिवशी आमच्याकडची गावं ओस पडतात. घरटी सगळी माणसं शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची, पिकावर आंबील शिंपडायची आणि मग भज्जी म्हणजे मिसळीची पालेभाजी, बाजरीचे उंडे, शेंगाच्या पोळ्या पोटाला तडस लागेस्तोवर खायच्या. ओळखीचा, बिनओळखीचा, जो बांधावरून जाईल त्याला बोलावून खाऊ घालायचं. त्या दिवशी सगळ्या गावात काकू एकट्या असायच्या. पहाटे उठून सगळा स्वयंपाक करून द्यायचा आणि मग ओट्यावर बसून मोकळी गल्ली बघायची.

म्हणून बग्गी. आणि बग्गीत काकू एकदाच बसल्या. मारुतीच्या देवळापर्यंत गेल्या असतील. धुरानं त्यांना खोकल्याची अशी ढास लागली की गाडी थांबायच्या आत त्या उतरायला लागल्या. दम परत आल्यावर त्या म्हणाल्या, "ह्या भुताच्या गाडीत मला मेल्यावर घाला. तवा धूर लागणार न्हाई."

काका दोन दिवस शेडकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी माडीच्या जिन्यावर आले. "सर, इंजिन काढून टाकू. करंटवर करू. धूर न्हाई, आवाज न्हाई. येळवशीपर्यंत हुतंय. तुमी फक्त वायरी बघा."

वायरींबाबत माझा अनुभव म्हणजे फळ्यावर काढलेला एक घट, एक दिवा आणि एक कळ. तोही दिवा मुलं फुगा म्हणून ओळखतात. पण मी "बघू की" म्हणालो. आयुष्यातले माझे बहुतेक घोटाळे याच दोन शब्दांनी सुरू झालेले आहेत.

परभणीच्या भंगार बाजारात आम्हाला एक अपघातात चेपलेली ई-रिक्षा मिळाली. तिची मोटर, कंट्रोलर, चार्जर आणि खुर्चीखालच्या बॅटऱ्या आम्ही टेम्पोत घालून आणल्या. इंजिन खाली उतरवलं तेव्हा काकांनी त्याच्यावर हळद-कुंकू वाहिलं आणि पोत्याखाली झाकून ठेवलं. मोटर बसवायची पट्टी अंदाजानं कापली होती, ती तिसऱ्या खेपेला बसली. वायरी मी मोबाइलवरचा एक हिंदी व्हिडिओ बघत जोडल्या. व्हिडिओतला माणूस मधेच "बाकी तो आप समझ ही गए होंगे" म्हणाला आणि संपला. मी समजलो नव्हतो, पण काका समोर उभे होते.

पहिल्या चाचणीला निम्मं गाव होतं. काकांनी पायाखालचा पेडल दाबला आणि बग्गी जराही आवाज न करता, मोठ्या डौलात, मागे गेली. मागे कडब्याची गंजी होती. बग्गी तिच्यात शिरली, वरच्या पेंढ्या खाली आल्या आणि काका दिसेनासे झाले. मी दोन वायरी उलट्या जोडल्या होत्या. पेंढ्यांच्या आतून काकांचा आवाज आला, "फिकर न्हाई सर. मागं जायली म्हंजी पुढंबी जाईल. अंदाजा हाय माझा."

आणि पुढंही गेली. वायरी अदलाबदल केल्यावर अशी गेली की शेजारच्या शेळ्यांनी मान वर केली नाही. काकू ओट्यावरून बघत होत्या. बसणार का असं काकांनी विचारलं नाही. फक्त त्या संध्याकाळी काकूंनी उंड्यांसाठी बाजरी जास्त दळायला पाठवली.

येळवशीच्या आदल्या दिवशी आम्ही बग्गी रिकामी घेऊन शेतापर्यंत जाऊन बघितलं. पाणंदीतून छान गेली. पण चाचण्यांनी आधीच निम्म्यावर आलेल्या बॅटऱ्या शेतात पोचेस्तोवर दमल्या. काका म्हणाले, इथंच चार्ज करू, शेताची लाईट या आठवड्यात रात्रीची आहे, सकाळी भरलेली गाडी घेऊन घरी जाऊ. हौसेनं त्यांनी विहिरीतून पाणी शेंदून गाडी धुतली आणि ती उभी करायला मधला पंपाचा पाइप पाणंदीकडं सरकवला. वायरी माझ्याकडे होत्याच. मी चार्जर पंपाच्या पेटीतून जोडला. पेटीत 'ऑटो' असं लिहिलेला एक खटका होता. लाईट आली की चार्जिंग आपोआप सुरू व्हायला हवं, तेव्हा हा ऑटो चालू हवा, असा मी शास्त्रीय विचार केला आणि तो चालू करून समाधानानं घरी आलो.

तो खटका पंपाचा असतो. लाईट आली की विहिरीवरचा पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून. हे आमच्या तालुक्यात शाळेत न गेलेल्यालाही माहीत आहे. मी शाळेत शिकवतो.

सकाळी शेतात गेलो तर बग्गी काठोकाठ चार्ज झालेली होती आणि पाणंदीचं तळं झालेलं होतं. काल सरकवलेल्या पाइपाचं तोंड तिकडंच राहिलं होतं. दोन्ही बाजूंना उभी ज्वारी, आणि मधे काळ्या मातीचा असा चिखल की पाय घातला तर चप्पल शेतालाच द्यावी लागेल. काकांचा सालगडी मारोती कोप बांधत होता. त्यानं एकदा पाण्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "सरांनी गव्हाला पाणी दिलं वाटतं," म्हणाला. "पर गहू तिकडं हाय."

काका रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं विचारलं, "चार्ज झाली का?" मी मान हलवली. ते बसले, रिकामी गाडी घसरत-लचकत चिखलातून पार झाली आणि आम्ही घरी आलो.

काकू नवी साडी नेसून, आंबिलीचं बिंदगं, म्हणजे छोटी घागर, मांडीवर घेऊन बसल्या. मागच्या जाळीत स्वयंपाकाची दुरडी आणि तिला धरून मी. गावातून जाताना काकू प्रत्येक बंद दाराकडे बघत होत्या. "सगळे गेले की हो," त्या म्हणाल्या, आणि पदर नीट केला. आपणही जाणाऱ्यांतले आहोत हे त्यांना पुन्हा पुन्हा तपासून बघायचं असावं.

चिखलाच्या मध्यावर गाडी थांबली. बिनआवाजाच्या गाडीचा हा एक दोष आहे, ती बंद पडली की उभी आहे हे कळत नाही. काकूंनी विचारलं, "आलं का शेत?"

भार जास्त झाल्यानं सुरक्षेचा खटका पडला होता. काकांनी पेडल दाबला, पुन्हा दाबला. मी त्यांच्या त्या वाक्याची वाट बघत होतो. ते आलं नाही. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ते समोर बघत राहिले आणि मान न वळवता, हळू आवाजात म्हणाले, "सर, हिला उतरावं लागंल का?"

त्या चिखलात त्या गुडघ्यांनी उतरणं म्हणजे कुणीतरी उचलून परत घरी नेणं, आणि पुन्हा कधी न येणं. हे आम्हा तिघांनाही कळत होतं. काकूंनी बिंदगं घट्ट धरलं.

"त्यांनी नाही, मी उतरतो," मी म्हणालो. एवढा वजनदार निर्णय मी आजवर घेतला नव्हता. माझं वजनही त्यात मोजावं लागेल. मी पोटरीपर्यंत रुतलो, खटका वर केला, जाळीला खांदा लावला आणि ओरडलो की हळूहळू दाबा. मोटर गुणगुणली, चाकं फिरली, आणि पाणंदीतली निम्मी माती माझ्या तोंडावर आली. मग अचानक समोरचा भार नाहीसा झाला, म्हणून मी आडवा पडलो. तोंड वर काढलं तेव्हा बग्गी कोरड्या जमिनीवर होती.

काकूंनी मागे वळून मला बघितलं आणि त्या हसायला लागल्या. काकांनी झटकन गाडी थांबवली. काकू हसल्या की पाठोपाठ ढास येते हे घरात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून त्यांना कुणी फार हसवत नाही. मी चिखलात तसाच थांबलो. काका त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. काकू हसत होत्या, खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. मग त्यांनी श्वास घेतला. तो सरळ आत गेला आणि सरळ बाहेर आला.

"असं काय बघायलाव?" त्या काकांना म्हणाल्या. "चला की. आंबील तापायली."

मी विहिरीवर अंग धुऊन येईस्तोवर पूजा झाली होती. काका लिंबाच्या डहाळीनं ज्वारीवर आंबील शिंपडत 'ओलगे ओलगे' हा येळवशीचा गजर करत शेताला फिरून आले. काकू कोपीच्या सावलीत बसून समोरच्या प्रत्येक बांधाची चौकशी करत होत्या. ती बोर कुणी तोडली, पलीकडचं रान कुणी केलंय, पाणंदीत एवढं पाणी कसं. शेवटच्या प्रश्नाला मारोतीनं माझं नाव सांगितलं.

मग मारोतीनं पत्रावळी मांडल्या. काकूंना, मला, बांधावरून बोलावलेल्या शेजाऱ्यांना, त्याच्या घरच्यांना. भज्जी वाढून झाली. काका येऊन काकूंच्या शेजारी बसले, तर त्यांच्यापुढं पत्रावळ नव्हती.

मारोती गोंधळला. "मालक, तुमी बसायलाव का?" तो म्हणाला, आणि मग काकूंना सांगू लागला, "मालक शेतात कुठं जेवतेत? दरसाल समद्यास्नी वाढतेत, डबा भरतेत अन् घराकडं निघतेत. सवयीनं मांडलीच न्हाई."

काकूंचा हात भज्जीतच थांबला. "मला तर म्हणायचे, शेतात पोटभर जेवलोय, आता तुझ्यासंगं घासभर खातो," त्या म्हणाल्या.

मी या गावात आल्यापासून दर येळवशीला याच कोपीत आडवा हात मारला आहे. यजमान वाढण्यात गुंतलाय, एवढंच मला वाटायचं.

काकांचे कान लाल झाले. बॅटऱ्या बघून येतो, तापल्या असतील, असं काहीतरी पुटपुटत ते उठायला लागले. काकूंनी त्यांच्या सदऱ्याची बाही धरली आणि दुसऱ्या हातानं आपली पत्रावळ दोघांच्या मधे सरकवली. "बसा," म्हणाल्या.

मारोती दुसरी पत्रावळ आणायला उठला होता. तो तसाच परत बसला.